मुक्कामाला जागा

आपल्या समाजात प्रवासाला कारण लागते. लग्न, मयत, उरूस, हज-उमरा, नाहीतर पोटापाण्यासाठी धरलेली आखाताची वाट. कारणाशिवाय कोणी कुलूप लावून निघाले की शेजारी काळजीने विचारतात, "सब खैरियत है ना?" आम्ही दोघे २०२३ च्या डिसेंबरात असे विनाकारण निघालो, आणि तेही घर बरोबर घेऊन.

आमच्यातली एक जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली. तिला सगळे 'बाई' म्हणतात. दुसरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये इंजिने उघडत-जोडत निवृत्त झालेला. त्याला सगळे 'मिस्त्री' म्हणतात. फंडाच्या पैशांतून एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. आरटीओची परवानगी काढून मागच्या सीटा उतरवल्या आणि बदलाची नोंद आरसी बुकात करून घेतली. दोन फळ्यांचा पलंग, शंभर लिटरची पाण्याची टाकी, पाच किलोचा सिलिंडर, पडद्यामागे संडासाची पेटी, टपावर एक सोलर पॅनल. बस्स. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा वर्तमानपत्रात अशा गाड्यांची चकचकीत छायाचित्रे आली होती. आमची गाडी त्या जातीची नव्हे. गल्लीतल्या पोरांनी तिला 'बिऱ्हाडगाडी' म्हटले आणि तेच नाव चिकटले.

निघण्याआधी आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानांना एक प्रश्न विचारला. प्रवासात चार रकातींच्या जागी दोन पढायच्या, ही सवलत मुसाफिराला. पण ज्याचे घरच त्याच्याबरोबर चालते, तो मुसाफिर की मुकीम? मौलाना हसले. म्हणाले, "मिस्त्री, तुमचं घर पुण्यात आहे. चाकावर आहे तो सामान. बेफिकीर कसर करा." दीन सोपा आहे. अवघड झाली ती पश्चिम. एका जागच्या घराची पश्चिम एकदा ठरली की जन्मभर पुरते. बिऱ्हाडगाडीची पश्चिम रोज संध्याकाळी नव्याने शोधावी लागते.

तरी खरी अडचण पश्चिमेची नव्हतीच. ती होती मुक्कामाच्या जागेची. लॉजमध्ये पैसे भरले की खोली मिळते. गाडीत झोपणाऱ्याला रोज तिन्हीसांजेला कोणाच्या तरी दारात उभे राहून विचारावे लागते, "एक रात गाडी लावू का इथं?" मग समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "नाव काय?" आणि दुसरा, "गाव कोणतं?" या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर रात्र ठरते. पहिल्याचे उत्तर आमच्याकडे होते. दुसऱ्याचे नव्हते.

आमचे अब्बा २००९ मध्ये वारले. त्यांना कोणी गाव विचारले की ते 'पुणे' म्हणत. पुण्यात कोणी मूळ गाव विचारले की 'सोलापूरकडचे' म्हणत. सोलापूरचा माणूस भेटला तर विषय बदलत. खरे गाव औसा तालुक्यातले. १९४८ मध्ये ते नऊ वर्षांचे असताना दादीमाँचे बोट धरून तिथून निघाले आणि परत कधी गेले नाहीत. का, ते त्यांनी सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती. मराठवाड्यातल्या कितीतरी मुसलमान घरांत ही न सांगितलेली गोष्ट ट्रंकेच्या तळाशी पडून आहे. वाचकांपैकी काहींच्या घरातही असेल.

म्हणून आम्ही जुन्या निजामी मुलखाच्या काठाकाठाने जाणारा रस्ता निवडला. परंडा, तेर, नळदुर्ग, किल्लारी, औसा, उदगीर आणि शेवटी बिदर. बिदर सोडले तर सगळी तालुक्याची नाहीतर त्याहून लहान गावे. रोज साठ-सत्तर किलोमीटरपेक्षा जास्त चालवायचे नाही, हा नेम.

परंड्याचा किल्ला भुईकोट, भोवती खंदक. तो महमूद गवानाने बांधला असे सांगतात. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मूर्तझाला गादीवर बसवून निजामशाही पुन्हा उभी केली ती इथेच. मिस्त्रींना मात्र राजापेक्षा तोफेत रस. विजापूरची प्रसिद्ध मुलूख-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, पुढे परंड्यात होती आणि १६३२ मध्ये इथून विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन. चारशे बैल आणि दहा हत्ती जुंपले होते असे सांगतात. खंदकाच्या कडेला उभे राहून मिस्त्री बराच वेळ हिशेब करीत होते की चढावर बैल कसे रेटले असतील, आणि उतारावर थांबवले कसे असतील. उतारावर ब्रेक लागत नाही ही भीती ज्याने अनुभवली आहे, त्यालाच हा दुसरा प्रश्न पडतो.

परंड्यात दोन रात्री एका दर्ग्याच्या आवारात काढल्या. मुजावरांच्या घरून ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी आली. घरातली म्हातारी बाईंना म्हणाली, "बेटी, गाडी में कायकू सोते? घर में जगा है ना." तिला गाडीत झोपण्याची हौस समजावून सांगणे आम्हाला जमले नाही.

तेर हे त्याहून लहान. पण दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक खलाशांच्या 'पेरिप्लस'मध्ये याचे नाव 'तगर' म्हणून आले आहे. इथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात जाई आणि तिथून रोमच्या बाजारात. गावातल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात इथे सापडलेल्या वस्तू आहेत. इथल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच बाहुली थेट इटलीत, पाँपेईच्या राखेखाली सापडली. त्रिविक्रमाचे देऊळ मुळात विटांचे बौद्ध चैत्यगृह. आणि हे गाव गोरोबाकाकांचे. बाईंनी संतांचे धडे शिकवताना गोरा कुंभाराने 'कच्चे मडके' ओळखल्याची गोष्ट शेकडो मुलांना सांगितलेली. त्यांच्या मंदिराच्या बाहेरच्या मैदानात जागा विचारली. तिथल्या एका माळकरी आजोबांनी नाव विचारले, ऐकले, आणि म्हणाले, "काकाच्या दारात कुंभार काय अन् पिंजारी काय. लावा. पर कुत्री लई हायत, भांडी भाइर ठिवू नका." आमची जात त्यांनी आडनावावरून अचूक ओळखली होती. आम्हीही ती लपवली नाही.

नळदुर्गला दोन दिवस राहिलो. बोरी नदीवर बांध घालून त्या भिंतीच्या पोटातच महाल बांधला आहे. त्याला पाणी महाल म्हणतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतले, १६१३ च्या सुमाराचे हे काम. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांतून पाणी कोसळते आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. आम्ही गेलो तेव्हा धार नव्हती, पण भिंतीला हात लावला की गारवा लागत होता. हाच इब्राहिम दखनीत 'किताब-ए-नौरस' लिहिणारा. नवरस हा शब्द भरतमुनीच्या परंपरेतला, लिहिणारा विजापूरचा सुलतान, आणि भाषा आमच्या म्हातारीच्या 'कायकू'ची पणजी. शाळेत दखनीला कोणी भाषा म्हटले नाही. घरात 'नीट बोला' म्हणून आम्हाला दटावले, तेही तिच्याचसाठी.

नळदुर्गपुढे एका साखर कारखान्याजवळ रात्र झाली. मोकळ्या रानात ऊसतोडीच्या टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या होत्या. आम्ही त्यांच्या कडेला गाडी लावली. बैलगाडीवर अख्खा संसार लादून आलेली माणसे. चूल, कोंबड्या, पत्र्याची पेटी, झोळीत मूल. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. उचल घेतली की सहा महिने तो कोयता मुकादमाचा. एक तरुण बाई आमच्या गाडीत डोकावून गेली आणि बाईंना विचारती झाली, "तुमी बी कोयताच का? किती उचल घेतली?" आम्ही हौसेने फिरतो म्हटल्यावर तिला काही सुचेना. मग म्हणाली, "आमाला तर घरी बसायची हौस हाय, काकी." त्या रात्री आम्ही गाडीतला दिवा लवकर मालवला. त्यांना पहाटे तीनला फडात जायचे होते आणि आमचा उजेड त्यांच्या कोपीत जात होता.

त्यापुढच्या एका गावात जागा मिळाली नाही. गावाचे नाव लिहीत नाही. देवळासमोरच्या मोकळ्या पटांगणात गाडी उभी करून विचारपूस करीत होतो, तेव्हा चार-पाच पोरे आली. वयाने बाईंच्या विद्यार्थ्यांएवढी. एकाने नाव विचारले. दुसऱ्याने ओळखपत्र मागितले. आम्ही आधार कार्ड दाखवले, आरसी बुक दाखवले. त्याने फोनवर गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढला आणि म्हणाला, "इथं नको. पुढं जा." शिवी नाही, धक्का नाही. फक्त पुढे जा. बाईंनी एकच गोष्ट केली. त्यांनी त्या पोराला विचारले, "कितवीला आहेस बाळ?" तो गडबडला आणि म्हणाला, "बारावी झाली मॅडम." मग आम्ही पुढे गेलो.

तासाभराने हायवेवर पेट्रोल पंप लागला. मालकाने ना नाव विचारले ना गाव. विचारले फक्त, "डिझेल भरणार का?" टाकी भरली आणि रात्रभर त्याच्या कोपऱ्यात झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो. बाई म्हणाल्या, परत फिरू. मिस्त्री म्हणाले, उद्या ठरवू. पहाटे फजरनंतर दोघांनीही तो विषय काढला नाही आणि गाडी किल्लारीच्या रस्त्याला लागली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास या भागात धरणी हलली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. बळी घेतले ते घरांनीच. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे. उन्हाळ्यात गार राहणारी हीच घरे झोपलेल्यांवर कोसळली. त्या आठवड्यात मदतीच्या एसटी गाड्यांबरोबर मिस्त्री इथे आले होते. आता नवी किल्लारी सरळ रस्त्यांची, आखीव. इथल्या लोकांना मुक्कामाची जागा विचारताना बोलणे फारसे वाढले नाही. अख्खे गाव एकदा उघड्यावर राहिलेले. गाडीत झोपणारा माणूस त्यांना विचित्र वाटला नाही. दुपारी चहा झाला, आणि मग आम्ही औशाकडे निघालो.

इथे थोडा इतिहास सांगावा लागतो, कारण तो टाळूनच आमची एक पिढी जगली. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली आणि १७ तारखेला निजामाने हार मानली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जुलूम केले होते. त्यात हिंदू शेजारी होरपळले. विरोध करणारे मुसलमानही सुटले नाहीत. पत्रकार शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये झालेला खून त्याची साक्ष आहे. निजाम पडल्यावर उलटी लाट आली, आणि रझाकार कोण, पिंजारी कोण, हे तिने पाहिले नाही. भारत सरकारनेच पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत होरपळलेले सांगितले. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. आपण मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगतो, आणि बाळगावा. पण दोन्ही लाटांत बुडालेल्यांची नावे एकाच वहीत लिहायला अजून कोणी बसलेले नाही.

अब्बांच्या गावात पोचलो तेव्हा शाळा सुटत होती. जिल्हा परिषदेचीच शाळा, म्हणून बाई थेट मुख्याध्यापकांकडे गेल्या. त्या दोघांच्या बदल्या, पटसंख्या, पोषण आहार असे बोलणे सुरू झाले आणि मैदानात जागा आपोआप मिळाली. संध्याकाळी दहा-बारा माणसे जमली. नाव झाले. मग कोणीतरी विचारले, "गाव कोणतं?"

मिस्त्री म्हणाले, "हेच."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका पोराला पिटाळले आणि एका म्हाताऱ्याला आणले. ते म्हणाले नव्वदीचे असतील, डोळ्यांनी अधू. त्यांनी आधी दादाचे नाव विचारले. मिस्त्रींनी सांगितले. म्हातारा म्हणाला, "पिंजारी. आमच्या गाद्या तोच भरायचा. त्येच्या धनुकलीचा आवाज यायचा सकाळच्या पारी." मग म्हणाला, "त्येचं पोरगं माझ्याबरुबर गुरं राखायला यायचं." ते पोरगे म्हणजे आमचे अब्बा. कापूस पिंजण्याच्या धनुकलीबद्दल अब्बांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते. गुरांबद्दलही नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने घराची जागा दाखवली. तिथे आता ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी आहे. "इथं व्हतं," एवढेच म्हणाला. त्या दिवसांबद्दल आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. फक्त परत येताना, कोणी विचारले नसताना, म्हणाला, "रातीला बैलगाडी माझ्या बापानं जुपून दिली. शिवंपातूर आला व्हता संगं." ते एका माणसाने केलेले. गावाने काय केले ते त्याच्या गप्प राहण्यात होते. आम्ही दोन्ही घेऊन आलो.

कब्रस्तानात बाभळी वाढल्या आहेत. गावात मुसलमानांची तीनच घरे उरली आहेत, त्यांतला एक जण साफसफाई पाहतो. आम्ही फातिहा पढलो. कोणती कबर कोणाची ते कळायला दगडावर नाव नाही. संध्याकाळी शेतात हुरड्याला बोलावले. शेणीच्या विस्तवात भाजलेली कोवळी ज्वारी, तीळ-लसणाची चटणी आणि गूळ. म्हाताऱ्याचा नातू आमच्या हातावर गरम दाणे चोळून टाकत होता. तो भर थंडीत घामाघूम झाला होता.

तिथून उदगीर. किल्ल्यात उदयगिरी ऋषींची समाधी आहे, आणि किल्ल्याच्या नावाबरोबर १७६० ची लढाई. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत मराठ्यांनी इथे निजामाला नमवले, आणि त्यात इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा मोठा वाटा. पुढच्या वर्षी १४ जानेवारीला तोच गारदी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि मारला गेला. बाईंना निवृत्तीपर्यंत दरवर्षी वर्गात एखादा मुलगा विचारायचा, "बाई, ते तर मुसलमान होते ना, मग आपल्या बाजूला कसे?" त्या उत्तर देत, "आपल्या म्हणजे कोणाच्या, ते आधी ठरव." याच उदगिरात २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

बिदर हे आमचे शेवटचे गाव. महमूद गवानाचा मदरसा १४७२ चा. एक मिनार उभा आहे. बाकीचा मोठा भाग १६९६ मध्ये दारूच्या स्फोटात उडाला. इराणातल्या गिलानहून आलेल्या या परक्याने बहमनी राज्य सावरले, आणि १४८१ मध्ये बनावट पत्रावरून सुलतानाने त्याला मारविले. वर्षभरात सुलतानही गेला आणि पुढे राज्याची शकले झाली. बिदरी कामाच्या एका कारखान्यात बसलो. जस्त आणि तांब्याच्या ओतीव भांड्यावर चांदीची तार ठोकून बसवतात, मग किल्ल्यातली विशिष्ट माती आणि नवसागर यांच्या पाण्यात उकळतात. जस्त काळेभोर होते, चांदी तशीच राहते. कारागिराने माती जिभेवर ठेवून पारखली. दुसरीकडची माती चालत नाही, म्हणाला. गावातली पोरे हे काम शिकायला तयार नाहीत, हेही म्हणाला.

बारा रात्रींचा हिशेब बाईंनी वहीत लिहून ठेवला आहे. दर्गा दोन, देवळाचे मैदान एक, ढाबा दोन, ऊसतोडीचा तळ एक, पेट्रोल पंप एक, जिल्हा परिषदेची शाळा दोन, उदगिरात जुन्या सहकाऱ्याचे अंगण एक, बिदरला लॉजचे पार्किंग दोन. नकार एक. हा हिशेब देशाचा नव्हे, एका गाडीचा आहे. त्यावरून सगळे छान आहे असे आम्ही म्हणणार नाही, आणि सगळे संपले असेही म्हणणार नाही. तो एक नकार बाकीच्या अकरा होकारांत विरघळत नाही. पण घरी बसून टीव्हीसमोर आम्ही जो मुलूख पाहत होतो, त्यात ते अकरा होकार नव्हतेच. ते पाहायला दारात जाऊन, स्वतःचे नाव सांगून, विचारावे लागले.

२०२४ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी नातवंडे बरोबर होती आणि आधी फोन केला होता. म्हातारे बाबा उन्हाळ्यातच गेले होते. शाळेच्या मैदानात गाडी लावली. शाळेतली पोरे भोवती जमली आणि त्यांनी आमच्या नातवाला विचारले, "तुझं गाव कोणतं?" त्याने पुणे म्हटले नाही.